माइट मोजायची पट्टीच चुकली तर?

मंडळी, पीएचडी कशावर करतोस, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, "मधमाश्यांच्या गोचिडांवर." शास्त्रीयदृष्ट्या हे थोडं चूक आहे, पण लोकांना चटकन कळतं. आज या गोचिडाच्या औषधांचा इतिहास सांगतो. त्यातला एक धडा माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे.

व्हरोआ हा तांबूस रंगाचा, जेमतेम दीड मिलिमीटरचा माइट. १९०४ साली औडेमान्स या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या नमुन्यांवरून या कुळाचं पहिलं वर्णन केलं. तिथे तो आशियाई मधमाशीवर सापडला होता, म्हणजे आपल्या सातेरीच्या जातीवरच. सातेरीचं आणि त्याचं जुनं जमलेलं आहे. तिच्या मोहोळात तो मुख्यतः नर माश्यांच्या कोषांतच वाढतो, त्यामुळे वसाहत तगते. पण माणसाने युरोपीय मेलिफेरा माशी आशियात आणली आणि माइटने उडी मारली. मेलिफेराच्या कामकरी माश्यांच्या कोषांतही तो पिल्लं घालतो. पुढे पेट्यांबरोबर तो जगभर फिरला. अमेरिकेत १९८७ साली सापडला, ब्रिटनमध्ये १९९२ साली, ऑस्ट्रेलियात २०२२ साली. गंमत बघा, मेलिफेराला मारणारी ही जात वेगळी आहे हे कळायला २००० साल उजाडलं. तेव्हा तिला 'डिस्ट्रक्टर' असं नाव मिळालं. नावातच सगळं आलं.

१९८० च्या दशकात फ्लुव्हॅलिनेटच्या प्लॅस्टिक पट्ट्या आल्या. चौकटींच्या मधे पट्टी लटकवायची, काही आठवड्यांनी काढायची, झालं काम. माइट पटापट पडायचे. पण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच इटलीत पट्टी लावूनही माइट जिवंत राहू लागले. शिवाय हे औषध मेणात मुरतं आणि तिथेच राहतं.

मग लोक वळले साध्यासुध्या रसायनांकडे. ऑक्झॅलिक आम्ल, जे आपल्या चुक्याच्या भाजीत असतं. फॉर्मिक आम्ल, जे मुंग्यांमध्ये असतं. आणि थायमॉल, म्हणजे ओव्याचा वास. आता तुम्ही विचाराल, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? इथेच खरी मेख आहे. ऑक्झॅलिक माश्यांच्या अंगावरचे माइट मारतं, पण मेणाने झाकलेल्या कोषांत पोचत नाही. युरोपातल्या हिवाळ्यात राणी अंडी घालायची थांबते, तेव्हा एका मात्रेत ९० टक्क्यांहून जास्त माइट पडतात. तेच भर हंगामात दिलं तर निकाल पार घसरतो. फॉर्मिकची वाफ झाकणाखालीही पोचते, पण ऊन चढलं तर राणीच दगावण्याची भीती. थायमॉलचं बाष्प होणंही तापमानावरच ठरतं. म्हणजे औषधांची तुलना ही ऋतूची आणि प्रदेशाचीही तुलना असते.

आता मूळ धड्याकडे येऊ. औषधाने किती टक्के माइट मारले हे ठरवायचं, तर पेटीत एकूण किती होते ते कळायला हवं. पद्धत अशी: आधी नवं औषध द्यायचं आणि पेटीच्या तळाशी पडलेले माइट मोजायचे. मग दुसरं, खात्रीचं औषध देऊन उरलेले पाडायचे. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पेटीत १००० माइट आहेत. नव्या औषधाने ६०० पडले. खात्रीच्या औषधाने उरलेले ४०० पाडले, तर उत्तर बरोबर येतं, ६० टक्के. पण माइट त्या 'खात्रीच्या' औषधाला सरावलेले असतील आणि २०० च पडले, तर? आपला हिशेब होतो ८०० पैकी ६००, म्हणजे ७५ टक्के. नवं औषध फुकटात हुशार ठरलं! आणि न मोजलेले २०० माइट पेटीत तसेच राहिले.

म्हणून जुने निबंध वाचताना मी आधी निकाल बघत नाही. आधी बघतो, खात्रीचं औषध कुठलं होतं, आणि त्या भागात, त्या साली ते खरंच चालत होतं का.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत प्रचंड प्रमाणात वसाहती मेल्या. तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी तपासलेल्या जवळजवळ सगळ्या माइटमध्ये अमिट्राझला दाद न देण्याची जनुकीय खूण सापडली. आणि अमिट्राझ हेच अनेकांचं भरवशाचं औषध होतं.

तेव्हा उद्या कुणी तुम्हाला सांगितलं, "हे औषध ९५ टक्के चालतं," तर एवढंच विचारा: "कशाने मोजलंत?"