तळटीप : डार्विनच्या हातून निसटलेला भुंगेरा

* डार्विनच्या आत्मचरित्रातला 'तिसरा भुंगेरा' म्हणजे पॅनेजिअस क्रक्स-मेजर. जेमतेम आठ-नऊ मिलिमीटरचा, काळा. पाठीच्या कवचावर चार तांबूस-नारिंगी ठिपके, त्यांच्यामधल्या काळ्या पट्ट्यांचा क्रूस दिसतो. राहतो पाणथळ गवतात, नदीकाठच्या ओलीत. इंग्लंडात आता दुर्मीळ. आत्मचरित्रात डार्विन त्याचे नाव सांगत नाही. ते १८४६ साली त्याने आपला निसर्गअभ्यासक मित्र जेनिन्स याला लिहिलेल्या पत्रात सापडते. त्यातला प्रसंग असा : झाडाच्या सालीखाली मिळालेले दोन भुंगेरे दोन्ही हातांत, तोच हा दिसला! मग हातातला एक दातांत धरला. त्याने घशात आम्लाची पिचकारी मारली आणि तिन्ही हातचे गेले. तोंडात धरलेला भुंगेरा हा नव्हे, एवढे मात्र वाचकाने ध्यानात ठेवावे.