दम्याची बिडी, दम्याची सुई

माझी माय बिड्या वळायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता, लोखंडी फर्मा, कैची, मांडीवर सूप आणि सुपात जर्दा. पान कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, सूत गुंडाळायचं, तोंड दाबायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. हजार भरले की ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. जर्दा पाखडताना उडणारी धूळ कवडशात पिवळी दिसायची. आम्ही पोरं शिंकायचो, माय खोकायची. तिरोडा तालुक्यातल्या आमच्या गावात बिडीवाल्या बायांच्या खोकल्याला कोणी आजार म्हणतच नव्हतं. आजार म्हणजे दम उचलणं, आणि तो उचलायचा रात्री.

१९७६ साली मी आमगावच्या बाजूला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून लागलो आणि अडतीस वर्षं तेच काम केलं. तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. या वर्षांत दम्याचे इलाज माझ्या डोळ्यांसमोर बदलत गेले. ते कोणीतरी लिहून ठेवायला हवेत, म्हणून लिहितो आहे.

सगळ्यात जुना इलाज धोतऱ्याचा. सावलीत वाळवलेली धोतऱ्याची पानं चुरून तेंदूच्या पानात भरायची आणि दमेकऱ्याला ती बिडी ओढायला द्यायची. बिडीच्या मुलखात हे सहज सुचण्यासारखं होतं. मायला तिच्या मामाने दिलेली मी पाहिली आहे. चार झुरक्यांत छाती मोकळी झाल्यासारखी वाटे, तोंड कोरडं पडे. जास्त झालं की माणूस बरळायला लागे. हा नुसता खेड्यातला खुळा समज नव्हता. १८०२ साली मद्रासहून जनरल जेंट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धोतऱ्याचा धूर इंग्लंडला नेला, आणि मग युरोपात शंभर वर्षांहून जास्त काळ दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यात अॅट्रोपीन असतं, ते श्वासनळ्यांचं आखडणं सैल करतं. आज दवाखान्यात नेब्युलायझरच्या वाफेतून देतात ते इप्राट्रोपियम त्याच अॅट्रोपीनवरून तयार केलेलं आहे. मामाच्या बिडीत औषध होतं. मात्रा किती याला मात्र धरबंद नव्हता, आणि औषधासोबत धूरही त्याच छातीत जात होता.

दुसरा इलाज कोजागरीचा. पिंपळाच्या अंतरसालीचं चूर्ण खिरीत घालायचं, खीर रात्रभर चांदण्यात ठेवायची, दमेकऱ्याने जागरण करायचं आणि पहाटे ती खायची. माय तीन वर्षं बसली. मी तिच्या बाजूला घोंगडी पांघरून बसायचो. ओळीने पाट, प्रत्येकासमोर द्रोण, आणि त्या टिपूर चांदण्यात पन्नास माणसांच्या छातीची शिट्टी. दमेकरी इतके आहेत हे गावाला त्या एकाच रात्री कळत असे. ज्यांना परवडे ते मृगाला बल्लारशाहवरून हैदराबादला जात. तिथलं बथिनी गौड घराणं १८४५ पासून फुकट औषध देतं: जिवंत मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात पिवळा लगदा भरून ते पिल्लू गिळायला लावतात, पुढे पंचेचाळीस दिवस पथ्य, असं सलग तीन वर्षं. याने दमा जातो असं वैद्यकाला कुठे दिसलेलं नाही. पण गेलेल्या माणसांना मी कधी नावं ठेवली नाहीत. रात्री तीन वाजता श्वास अडकलेल्या माणसाला दुसरं काय उपलब्ध होतं, हे आधी विचारलं पाहिजे.

मायची शेवटची रात्र १९७४ च्या नोव्हेंबरातली. हलका धान निघालेला, खळ्यात पुंजणे लागलेले, चुरणं सुरू. त्या धुळीत आणि धुक्यात दमेकऱ्यांची दरवर्षीच आबाळ व्हायची. बैलगाडीत गवत घालून आम्ही तिला घेऊन निघालो. ती दोन्ही हात मागे टेकून बसली होती, खांदे कानाला लागलेले, एका श्वासात दोनच शब्द: ‘बाबू... पानी.’ अर्ध्या रस्त्यात छातीची शिट्टी थांबली. बाबा म्हणाले, ‘उतरला दम. झोपू दे तिले.’ मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिची नखं जांभळट झाली होती, ती मला कंदिलाच्या उजेडात काळी दिसली. जर्द्याने काळी आहेत असं वाटलं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत ती राहिली नाही.

शिट्टी का थांबली ते मला नोकरीच्या पहिल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. ‘आवाज यायलाही हवा आतबाहेर व्हावी लागते. हवाच जाईनाशी झाली की छाती गप्प होते. पेशंट पेंगायला लागला आणि छाती गप्प असली, तर पहिले ऑक्सिजन.’ ते दुसऱ्या पेशंटबद्दल बोलत होते. मी मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ सिरिंजा उकळत बसलो.

मग सुईचा जमाना. डेरीफायलीन आणि डेक्सामिथासोन एकाच सिरिंजमध्ये, सगळे तिला डेरी-डेका म्हणत. मी स्वतः अशा हजारो सुया भरल्या. अर्ध्या तासात माणूस उठून सायकलवर घरी जायचा. त्याला वाटे दमा गेला. आखडलेली नळी सैल झाली असे, पण आतली सूज कायमची गेलेली नसे. पंधरा दिवसांनी तो पुन्हा दारात. स्टेरॉइडच्या सुया वारंवार घेऊन चेहरे गोल झाले, हाडं ठिसूळ झाली, साखर वाढली. सूज जागच्या जागी उतरवणारा बेक्लोमेथासोनचा पंप १९७२ साली इंग्लंडात आला होता. त्यात स्टेरॉइड अगदी थोडं लागतं आणि ते थेट नळीत जातं. आमच्याकडे पंप पोचला, तर लोक हात जोडत: ‘सुई लावून द्या साहेब, पंप नोको. पंप लागला म्हणजे माणूस संपला.’ लग्नाच्या पोरींचे पंप तांदळाच्या कोठीत लपवलेले मी पाहिले आहेत. आणि जे घेत, ते त्यातल्या त्यात लवकर आराम देणाराच पंप घेत, सूज उतरवणारा रोजचा टाकून देत. २०१९ मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात स्पष्ट आलं, की नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर कोणाला ठेवू नका. ही चूक अख्ख्या जगाची होती, तरी आमच्या खोलीतली सुई माझ्या हातात होती, हे मी विसरत नाही.

ऑक्सिजन तेव्हा म्हणजे काळा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर. लहान सिलिंडरात सुमारे १५०० लिटर. मिनिटाला दोन लिटर सोडला तर बारा तास, आठ लिटर लागला तर तीन. नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. किती द्यायचा हे ओठ, नखं आणि पेशंटचे शब्द मोजून ठरायचं. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्रामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ साली मांडलं, माझी माय गेली त्याच वर्षी. आमच्या खेड्यात ते यंत्र घरोघर पोचलं २०२० च्या सप्टेंबरात, कोरोनाच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताईंच्या पिशवीतून. आओयागी त्याच एप्रिलात वारले होते. लोक आकडा पाठ करू लागले. पण दम्यात हा आकडा उशिरा पडतो. ९५ दिसत असताना माणूस थकून कोसळू शकतो. बोट गार असेल तर तो चुकतो आणि सावळ्या कातडीवर थोडा जास्तही दिसू शकतो. म्हणून आशाताईंना मी अजून सांगतो, आकडा बघा आणि एक वाक्य बोलायलाही लावा.

आमच्या गल्लीत एक बाई अजून बिड्या वळते. दोन महिन्यांत तिने तीनदा नेब्युलायझर घेतला. औषध लागूच पडत नाही, असं सगळे म्हणत. मी तिला म्हटलं, माझ्यासमोर पंप घे. तिने पंप न हलवता तोंडात दाबला आणि लगेच बोलायला लागली. अर्धं औषध जिभेवर. पंपाला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, लावून शिकवलं: हलव, सावकाश ओढ, दहापर्यंत रोखून धर, मग गुळणी. जर्दा तोंडाला फडकं बांधून ओसरीत पाखडायचा. रोजचा पंप बरं वाटलं तरी सोडायचा नाही. तिच्या पंपात दोनशे दाब असतात, आणि किती उरले तो आकडा त्यावर दिसत नाही. परवा गेलो तर चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा दिसल्या. मी विचारलं, किती हजार झाले?

ती म्हणाली, ‘बिड्यांच्या नाही जी त्या. पंपाच्या होत.’

मी मोजल्या. सकाळ-संध्याकाळ मिळून एकोणतीस दिवसांच्या होत्या, एकही दिवस सुटला नव्हता.