छायाचित्रांचे ‘जुनेपण’ : रसायनापासून फिल्टरपर्यंत

आज काढलेल्या छायाचित्राला संपादन-सॉफ्टवेअरमध्ये क्षणात तपकिरी, फिकट, ओरखडे पडलेले रूप देता येते. लग्नाच्या अल्बमपासून चित्रपटांच्या पोस्टरपर्यंत हा प्रकार रूढ झाला आहे. मात्र जुन्या चित्रातील प्रत्येक खुणेमागे काही रासायनिक किंवा प्रकाशीय कारण असते आणि त्या कारणाला ठरावीक कालखंड असतो. फिल्टर फक्त खूण उचलतो, कारण नाही. हा फरक इतिहासाच्या आणि संगणकाच्या, दोन्ही विद्यार्थ्यांना उपयोगी आहे.

मुंबईतील आरंभ

छायाचित्रणाची पहिली यशस्वी पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांतच, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्या कामात सहभाग होता. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला.

याच शहरातील विल्यम जॉन्सन यांनी १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील विविध जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रे जोडकामाची आहेत. माणसांचे चित्र वेगळे घेतले आणि मागे दुसऱ्याच ठिकाणचे दृश्य बसवले. म्हणजे ‘कापा आणि चिकटवा’ ही युक्ती संगणकाच्या शंभर वर्षे आधीची आहे.

तपकिरी रंग कोठून आला?

१८५० मध्ये अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद वापरात आला. त्यावरील चित्राला मुळातच तपकिरी-जांभळी छटा असे आणि काळाच्या ओघात तो लेप पिवळा पडे. पुढे काळ्या-पांढऱ्या प्रतींना ‘सेपिया’ करण्याची प्रक्रिया रूढ झाली. तिच्यात प्रतीवरील चांदीचे सिल्व्हर सल्फाइड होते. हे संयुग चांदीपेक्षा टिकाऊ असते. गंमत अशी की, आज ज्या रंगाला आपण झिजण्याची खूण समजतो, तो त्या काळी चित्र टिकावे म्हणूनही दिला जाई.

फिल्टरचे गणित

सॉफ्टवेअरमधील नेहमीचा सेपिया फिल्टर प्रत्येक बिंदूच्या तीन रंगमूल्यांवर पुढील क्रिया करतो :

नवा लाल = ०.३९३ लाल + ०.७६९ हिरवा + ०.१८९ निळा
नवा हिरवा = ०.३४९ लाल + ०.६८६ हिरवा + ०.१६८ निळा
नवा निळा = ०.२७२ लाल + ०.५३४ हिरवा + ०.१३१ निळा

तिन्ही मूल्ये १०० असलेला राखाडी बिंदू घ्या. उत्तर साधारण १३५, १२० आणि ९४ येते. लाल वाढला, निळा घटला, म्हणून तो बिंदू तपकिरी दिसतो.

येथे एक ऐतिहासिक चूक दडलेली आहे. १८५१ पासून वापरल्या गेलेल्या कोलोडियन काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. लाल, केशरी, पिवळा हे रंग त्यांवर काळपट उमटत आणि निळे आकाश पांढरे पडे. इतर रंगांची नोंद सुधारण्याचा मार्ग १८७३ साली हेर्मान फोगेल यांनी शोधला. सर्व रंग टिपणाऱ्या काचा १९०६ नंतर बाजारात आल्या.

आता केशरी फेट्याचा एक बिंदू घेऊ : लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. चित्र राखाडी करण्याच्या प्रचलित सूत्रात तिन्ही रंगांना अनुक्रमे ०.२९९, ०.५८७ आणि ०.११४ असा भार असतो. त्याने उत्तर १७२ येते, म्हणजे फेटा उजळ दिसतो. केवळ निळे मूल्य घेतले तर ५१, म्हणजे फेटा जवळजवळ काळा. १८६० चा कॅमेरा दुसऱ्या उत्तराच्या जवळ जाणारा होता. कुंकू आणि हळद यांचेही तसेच. तेव्हा त्या काळचे रूप हवे असेल, तर आधी निळा घटक वेगळा काढावा, तपकिरी छटा नंतर द्यावी.

हे महत्त्वाचे का?

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरत असते. ते १८५० साली हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने काढले, असे सांगितले जाते. कोलकात्यातील जॉन्स्टन अँड हॉफमन हा प्रसिद्ध स्टुडिओ मात्र १८८० च्या दशकात सुरू झाला आणि राणीचा मृत्यू १८५८ चा. अशा वेळी चित्राचा रंग काहीच सिद्ध करत नाही. कागद कोणता, पद्धत कोणत्या वर्षीची, स्टुडिओ कधीचा, मूळ प्रत कोणाकडे, हे प्रश्न विचारावे लागतात.

आमच्या पनागर-जबलपूर भागातील मराठी घरांतही भिंतीवर आणि ट्रंकेत जुने फोटो असतात. ते स्कॅन करताना पिवळेपणा पुसू नये आणि फिल्टरही चढवू नये. मागील बाजूचा शिक्का व हस्ताक्षर यांचेही स्कॅन घ्यावे. नव्या फोटोला जुने रूप द्यायला हरकत नाही, पण मूळ फाइल वेगळी जपावी आणि बदललेल्या चित्राखाली खरी तारीख लिहावी. शोभेसाठी बनवलेले आजचे चित्र पन्नास वर्षांनी कोणीतरी पुरावा म्हणून हातात घेईल. त्या वेळी त्याला सांगायला आपण नसू, ती ओळ असेल.