महाराष्ट्रात स्विमिंग पूल देखभालीचा व्यवसाय कसा चालतो?

पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या मोठ्या गृहसंकुलांत स्विमिंग पूल आता नेहमीचाच झाला आहे. लोणावळा, कर्जत, अलिबागकडे भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांची जाहिरात पूलच्या फोटोनेच होते. बांधकाम करणारा काम संपवून निघून जातो, पाणी मात्र रोज सांभाळावे लागते. त्यातून हा व्यवसाय उभा राहिला. सुरुवातीला भांडवल कमी लागते, पण जबाबदारी मोठी असते. कारण निळेशार दिसणारे पाणी सुरक्षित असेलच असे नाही.

रोजचे काम काय?

जाळीने पाने काढणे, भिंती घासणे, तळाचा गाळ व्हॅक्यूमने ओढणे आणि सँड फिल्टरचा बॅकवॉश करणे ही डोळ्यांना दिसणारी कामे. खरे काम टेस्ट किटचे असते. पाण्यात मुक्त क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान ठेवावा लागतो. पीएच ८ वर गेला की क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद बरीच घटते. मग क्लोरीन टाकूनही डोळे, कान आणि पोटाच्या संसर्गाचा धोका राहतो.

पूलला "क्लोरीनचा उग्र वास" येतो म्हणजे क्लोरीन जास्त झाले, असा समज आहे. अनेकदा उलटे असते. घाम आणि लघवीतल्या घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होते आणि वास त्याचा येतो. म्हणून पूलमध्ये उतरण्याआधी शॉवर घेण्याचा नियम असतो.

स्वस्त गोळ्यांचा महाग हिशेब

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल पूलमध्ये ६०,००० लिटर पाणी मावते. त्यात १ पीपीएम क्लोरीन वाढवायला ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे ९० ग्रॅम लागते.

बाजारात टीसीसीए ९० ची पावडर आणि गोळ्या सहज मिळतात आणि वापरायलाही सोप्या असतात. पण तिच्यातून येणाऱ्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात साचते. क्लोरीन उन्हात उडून जाते, हे ॲसिड तिथेच राहते. रोज २ पीपीएम क्लोरीन लागत असेल आणि पाणी बदलले नाही, तर साधारण तीन महिन्यांत ते १०० पीपीएमपुढे जाते. मग क्लोरीन असूनही मंद पडते आणि शेवाळ धरते.

त्यावर व्यवहार्य उपाय एकच, पाणी बदलणे. अर्धा पूल रिकामा करायचा म्हणजे ३०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे तीन टँकर. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात ही वेळ सोसायटीवर आली तर वाद ठरलेला. त्यामुळे जाणकार व्यावसायिक हायपोक्लोराइट आणि टीसीसीए आलटून-पालटून वापरतात. मात्र एकाच वेळी नाही.

जीव घेणाऱ्या चुका

- टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच डब्यात किंवा एकाच मापाने घेतल्यास आग किंवा स्फोट होऊ शकतो.
- हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही वेगळ्या, हवेशीर जागी ठेवावेत.
- ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतू नये.
- तळाच्या ड्रेनची जाळी तुटली असेल तर पूल लगेच बंद करावा. पंपाच्या ओढीने केस किंवा हातपाय अडकतात.
- पंप आणि पाण्याखालच्या दिव्यांच्या लाइनवर चालू स्थितीतला ईएलसीबी किंवा आरसीसीबी हवाच.

हंगाम आणि पैसा

मार्च ते जून गर्दीचा काळ. पावसाळ्यात पोहणारे कमी होतात, पण पावसाने रसायने पातळ होतात आणि पाने-माती येते, त्यामुळे काम थांबत नाही. म्हणून मासिक बिलापेक्षा वार्षिक देखभाल करार सोयीचा ठरतो. रसायने कोणी आणायची, पंप जळला तर खर्च कोणाचा आणि सुट्टीच्या दिवशी माणूस येणार का, हे करारात स्पष्ट लिहावे. जीवरक्षक ही वेगळी जबाबदारी आहे, सफाई कामगाराला तिथे उभे करू नये.

कागदपत्रे

उद्यम नोंदणी मोफत होते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी बंधनकारक आहे. मोठे ग्राहक बिलातून टीडीएस कापतात, ती रक्कम विवरणपत्र भरताना कर देण्यात जमा धरली जाते.

सर्वात स्वस्त आणि उपयोगी कागद म्हणजे पूलजवळची नोंदवही: तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच, टाकलेले रसायन, सही. कोणी आजारी पडल्याची तक्रार आली तर व्यावसायिकाची बाजू हीच वही मांडते. रहिवाशांनीही पाण्यात उतरण्याआधी ती मागून पाहायला हरकत नाही.