न घडलेल्या इतिहासाचे वाचन

इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात, असा प्रश्न निघाला म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्यांचीच नावे पुढे केली जातात. जे घडलेच नाही त्याविषयीच्या कादंबऱ्या मात्र करमणुकीच्या सदरात ढकलल्या जातात. वस्तुतः त्यांतील काही साधनचिकित्सेच्या ग्रंथांबरोबर वाचावयास द्याव्यात, असे आमचे मत आहे.

‘असे झाले असते तर’ हा प्रश्न जुनाच आहे. अलेक्झांडर रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याची चर्चा लिव्हीने आपल्या इतिहासाच्या नवव्या खंडात केली आहे. आणि नेपोलियनने सारे जग जिंकल्याचा कल्पित वृत्तान्त लुई जोफ्र्वा याने १८३६ सालीच प्रसिद्ध केला होता. परंतु विसाव्या शतकात या प्रश्नाला जी धार आली ती हुकूमशाहीच्या अनुभवाने.

या वर्गातील पहिले पुस्तक म्हणून सामान्यतः ऑर्वेलचे ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) सुचविले जाते. जुन्या वृत्तपत्रांचे अंक बदलून लिहिणारा त्याचा नायक इतिहासाभ्यासकाच्या ध्यानात राहतोच. तथापि आम्ही प्रथम सुचवू ती ‘स्वस्तिका नाइट’. ती १९३७ साली मरे कॉन्स्टंटाइन या पुरुषी टोपणनावाने निघाली. तिची खरी लेखिका कॅथरिन बर्डेकिन; पण ही गोष्ट तिच्या मृत्यूनंतर (१९६३) जवळजवळ दोन दशकांनी, डॅफ्ने पटाई यांच्या संशोधनामुळे सर्वज्ञात झाली. कादंबरीत सातशे वर्षांनंतरचे जग जर्मन व जपानी साम्राज्यांत वाटले गेले आहे. हिटलर हा देव झाला आहे, स्त्रिया पशूंप्रमाणे कोंडल्या गेल्या आहेत आणि पूर्वीचा सर्व इतिहास नष्ट करण्यात आला आहे. उरले आहे ते एका सरदार घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या लपविलेले एक हस्तलिखित आणि एक छायाचित्र. धर्मग्रंथातला हिटलर उंच व सोनेरी केसांचा. छायाचित्रातला ठेंगणा व काळ्या केसांचा! त्याच्या शेजारी उभी असलेली मुलगी तर पाहणाऱ्याला प्रथम मुलगाच वाटते, कारण ताठ मानेने उभी राहिलेली स्त्री त्याने कधी पाहिलेलीच नसते. पुरावा डोळ्यांसमोर असूनही पूर्वग्रहामुळे तो कसा चुकीचा वाचला जातो, याचे इतके नेमके उदाहरण पाठ्यग्रंथांत क्वचितच आढळेल.

या पुस्तकाला भविष्यवाणी म्हणून गौरविण्याची प्रथा आम्हांस मान्य नाही. जर्मनीचा विजय झाला नाही, तेव्हा भविष्य म्हणून ते चुकलेच. त्याचे मोल १९३७ सालची साक्ष म्हणून आहे. नाझी विचारातील स्त्रीद्वेष आणि त्याची परिणती युद्धापूर्वी दोन वर्षे इंग्लंडमधील एका लेखिकेला स्पष्ट दिसत होती. ‘त्या काळी हे कोणाला दिसणे शक्यच नव्हते’ हा समकालीनांचा बचाव मग तितकासा टिकत नाही.

फिलिप डिक याची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (१९६२) निराळ्या कारणाने वाचनीय आहे. १९३३ साली मायामीत रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो बचावला. कादंबरीतला रूझवेल्ट मारला जातो आणि पुढे अमेरिका पराभूत होते. त्यात एक व्यापारी दोन सारखेच लायटर दाखवितो. त्यांतील एक हत्येच्या वेळी रूझवेल्टच्या खिशात होता म्हणे. पण कोणता, हे केवळ पाहून सांगता येत नाही, त्यासाठी कागदच लागतो. आणि तो कागद खरा कशावरून? दप्तरखान्यात बसणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावे.

मराठीत जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा याच जातीची आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावास लागलेली गोळी येथे हुकते आणि मराठे जिंकतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात सापडतात, तेव्हा ते मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालय गाठून इतिहासाचा ओघ कोठे फुटला ते ग्रंथांतून शोधू लागतात. हे आम्हांस विशेष भावते. मात्र सारा भार एका गोळीवर टाकणे पटत नाही. रसद तुटल्याने मराठ्यांच्या छावणीत पडलेली उपासमार त्या गोळीपूर्वीची आहे; विश्वासराव वाचता तरी ती भूक होतीच. म्हणून ही कथा त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ शेजारी ठेवूनच वाचावयास द्यावी, आणि गोळी हुकली तरी काय काय तसेच राहिले असते याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.