इस्तिकलाल : ट्राम परतली, दुकानदार परतले नाहीत

इस्तंबूलमधील तक्सीम चौक ते ट्युनेल हा सुमारे १.४ किलोमीटरचा इस्तिकलाल मार्ग आज पादचाऱ्यांनी फुललेला असतो. उस्मानी काळात त्याचे नाव ‘जाद्दे-इ-कबीर’, म्हणजे थोरला रस्ता. येथील व्यापार मुख्यत्वे ग्रीक, आर्मेनियन, ज्यू आणि लेव्हंटाइन लोकांच्या हाती होता. प्रजासत्ताकाने रस्त्याला ‘स्वातंत्र्य’ या अर्थाचे नवे नाव दिले.

६ सप्टेंबर १९५५ रोजी थेस्सालोनिकीत अतातुर्क यांच्या जन्मघराच्या आवारात बॉम्बस्फोट झाला. हानी किरकोळ होती. पण इस्तंबूलच्या एका सायंदैनिकाने ती फुगवून छापली. सायप्रसच्या वादाने आधीच तापलेले जमाव ग्रीकांच्या दुकानांवर तुटून पडले. रस्त्यावर कापडाच्या ताग्यांचा आणि काचांचा खच पडला. हा उद्रेक उत्स्फूर्त नव्हता. पुढे यासिआदाच्या खटल्यात माजी पंतप्रधान मेंदेरेस यांच्यावरच त्याचा आरोप ठेवण्यात आला. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्या रहिवाशांची हकालपट्टी झाली आणि उरलेली वस्तीही विरळ होत गेली.

१९९० मध्ये येथे वाहने बंद झाली, जुन्या काळाची आठवण म्हणून लाल ट्राम पुन्हा धावू लागली. पर्यटक चिचेक पासाजीच्या कमानीखाली छायाचित्रे काढतात. ती १८७६ ची इमारत ख्रिस्ताकी झोग्राफोस या ग्रीक सावकाराने उभारली होती.