पाणी चढायच्या आधी

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. पौड मागे टाकून मुळेच्या काठानं तुम्ही चालत आला आहात. अंगावर खादी आहे, पायांत फोड आलेत. राब भाजून काळी पडलेली खाचरं दोन्ही बाजूंना पसरली आहेत. पाऊस आला की यांतच आंबेमोहोर हिरवा होईल. निदान दरवर्षी होत आला आहे.

पुढं नीला आणि मुळा मिळतात, तिथं टाटा पॉवर कंपनीला धरण हवं आहे. वीज मुंबईला जाणार आणि पन्नासहून अधिक गावं बुडणार. कंपनीनं मालकाला न विचारताच शेतांत चर खणलेत. आज सुमारे बाराशे मावळे त्या कामावर जाऊन बसणार आहेत. कुणीही हात उचलायचा नाही, अशी शपथ झाली आहे. 'जान किंवा जमीन' ही आरोळी डोंगरावर आदळून परत येते. तुमच्या शेजारचा बाप तरण्या पोराचं मनगट घट्ट धरून बसलाय. पोरगा चिडला आहे, बाप भ्यालाय, पण दोघांपैकी कुणीही जागचं हलत नाही. आज खरं पुढारीपण मला या बापाच्या मुठीत दिसतं. व्यासपीठावर नव्हे.

काम थांबतं. कंपनी सहा महिन्यांची तहकुबी मान्य करते. पेढे वाटावेत असं तुम्हाला वाटतं. वाटू नका. पुढचा डिसेंबर पाहा: कुदळी पुन्हा चालू झाल्यात आणि पुण्याहून साथीला येणारी माणसं कमी झालीत. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर आहेत. सावकाराला मोबदला चालतो, कुळाला जमीनच हवी असते. लढा कंपनीपुढं वाकण्याआधी इथं, आपल्याच माणसांमध्ये, उसवतो. अनिश्चित काळात माणसं संकटापेक्षा या एकटं पडण्यानं जास्त खचतात, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पांडुरंग महादेव बापटांकडं नीट बघा. जन्म पारनेरचा. शिकायला विलायतेला गेले, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवली आणि गावी परतल्यावर पहाटे उठून रस्ते झाडू लागले. तेच इथं विनायकराव भुस्कुट्यांसोबत गावागावांत फिरताहेत. अटक होते, सुटतात आणि पुन्हा खोऱ्यात येतात. लोक त्यांना सेनापती म्हणू लागलेत. त्यांच्यापाशी फौज नाही, खजिना नाही. जो परत येतो त्याच्यावर माणसं विश्वास टाकतात, एवढंच त्यांचं बळ.

१९२४. धरणाच्या कामाची रेल्वेगाडी बापट हत्यार घेऊन अडवतात. रामनवमीच्या शपथेपासून ही वाट दूर गेली, हे मी लपवणार नाही आणि मला ती पटतही नाही. पण तिची किंमत त्यांनी गावकऱ्यांवर ढकलली नाही. सात वर्षांची शिक्षा स्वतः भोगायला गेले.

आता पाळी तुमची. ओसरीवर दिव्याभोवती वाडी जमली आहे. एक म्हातारी विचारते, "दादा, पानी चढंल का रं?"

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. काही वर्षांत धरण पुरं होईल, घाटाखालच्या भिऱ्याला वीज तयार होईल. 'काही होणार नाही, आजी' म्हणणं सोपं आहे, आणि आज रात्री सगळ्यांना झोपही लागेल. पण अशी झोप दिलेला माणूस पुढच्या खेपेला या ओसरीवर कोणत्या तोंडानं बसेल?

"चढेल असं दिसतंय, आजी."

कुणीतरी उठून अंगणात जातं. तुम्ही त्याच्या मागं जाता आणि त्याला घेऊन परत येता. मग वही उघडता. वर डोंगराच्या अंगाला कुठं पाणी आहे, कुणाची बैलजोडी आधी लागेल, बाळंतीण कुठल्या घरात आहे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी दाणा किती उरलाय. एकेक घर विचारत तुम्ही लिहीत जाता. मघाशी उठून गेलेला माणूसच आता बैल मोजतोय.

म्हातारी वहीवर बोट ठेवते. तिला अक्षर कळत नाही.

"माझं नाव जाऊबाईच्या खालीच लिव. तिचं नि माझं पटत न्हाई, पर दुसऱ्या वाडीत मला टाकू नकोस."

तुम्ही तिचं नाव जाऊबाईच्या खाली लिहिता आणि पुढच्या घराला विचारता.